एआय असिस्टंटची ठरलेली कामं: काही महिन्यांनंतर, आणि मुख्यतः ३१ तारखेबद्दल

एप्रिल संपला, मे लागला, तरी खर्चाचा गोषवारा आला नाही. जानेवारीच्या शेवटी असिस्टंटला साध्या मराठीत सांगितलं होतं की दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी खर्चाच्या नोंदी वाचून गोषवारा पाठव. ‘लावलं’ म्हणाला. जानेवारीचा आला, मार्चचा आला. मधला फेब्रुवारीचा आला नाही, तेव्हा सर्व्हर बसला असेल म्हणून सोडून दिलं. एप्रिललाही तेच झाल्यावर सेटिंग उघडलं. आत नोंद होती: ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’.

वर्षात ३१ तारीख सातच महिन्यांना असते. उरलेले पाच महिने काम गुपचूप गाळलं जाणार. लाल खूण नाही, ‘चुकलं’ असा निरोप नाही. इतिहासाच्या यादीत ती ओळच नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं सगळं सुरळीत आहे.

कंपनीच्या मदत विभागाकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. पहिलं उत्तर, ॲप बंद करून चालू करा. दुसरं, कॅशे साफ करा. तिसऱ्या वेळी कुणी जाणकार भेटला असावा, कारण उत्तर आलं की हे मानकाप्रमाणेच आहे. आणि ते खरं आहे, हीच चीड. कॅलेंडरमधल्या आवर्ती नोंदींचं मानक, २००९ चं आरएफसी ५५४५, सांगतं की अस्तित्वात नसलेली तारीख आली तर ती सोडून द्यायची. पण त्याच मानकात महिन्याचा दिवस उणे एक लिहिला की शेवटचा दिवस धरला जातो. सोय आहे, यांनी वापरली नाही. जुन्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या संगणकातल्या प्रोग्राममध्ये, वेळ लिहायला पाच रकाने आणि ‘शेवटचा दिवस’ लिहायला जागाच नाही, ते मी समजून घेतो. क्रॉनला माणसाची भाषा कळते असा दावा कुणी केला नव्हता.

मग मी विचारलं, तुमचं बिलही ३१ तारखेचं आहे, ते फेब्रुवारीत २८ ला कसं बरोबर कापलं गेलं? उत्तर आलं, तो विभाग वेगळा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार कमी आणि जाहिरात जास्त होते.

आता खर्चाचं. सुरुवातीला ‘दर तासाला मेल बघ’ असं एक काम लावलं होतं आणि त्यावर फार खूश होतो. तीस दिवसांच्या महिन्यात त्याच्या ७२० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत तो सूचना वाचतो, मागचं संभाषण वाचतो, मेल वाचतो आणि शेवटी कळवतो की नवीन काही नाही. हे ऐकायला मी टोकन (एआय वाचतो-लिहितो त्या मजकुराचे तुकडे, ज्यांवर वापर मोजतात) मोजायचे! दिवसातून तीनदा केलं, ९० वर आलं. प्रत्येक फेरी नव्या संभाषणात सुरू होईल असं ठेवलं, त्याने तर आणखीच फरक पडला, कारण जुन्या गप्पांचं ओझं दरवेळी वाहायला नको.

‘बदल नसेल तर काहीच पाठवू नकोस’ हेही वाढवलं, आणि काही आठवडे हीच सगळ्यात चांगली युक्ती वाटत होती. गोषवाऱ्याच्या प्रकरणानंतर मत बदललं. निरोप आला नाही याचे दोन अर्थ होतात: सांगण्यासारखं काही नाही, किंवा काम कधीच मेलंय. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून आता आठवड्यातून एकदा, कोणतं काम शेवटचं कधी चाललं एवढीच यादी मागवतो. ती फेरी फुकट गेली असं मात्र वाटत नाही.

लॅपटॉप बंद असताना चुकलेल्या फेऱ्या हे ॲप झाकण उघडल्यावर एकदम चालवतं. एकाच गोष्टीचे तीन गोषवारे पाठोपाठ. बंद करायचं बटण आहे, तीन पानं आत.

कॅन्सल करायच्या बेतात होतो, पण एक गोष्ट हाती लागली. नवीन काम लावलं की लगेच विचारायचं, पुढच्या सहा तारखा दाखव. इथे एक मेख आहे. नुसतं विचारलं तर तो स्वतःच्या मनाने २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असं छान लिहून देतो. साठवलेला नियम उघडूनही बघत नाही. ‘साठवलेला नियम वाच आणि त्यावरून तारखा काढ’ असं सांगितलं की खरं बाहेर येतं. माझ्या त्या कामाच्या तारखा अशा निघाल्या: ३१ मे, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट. नियम त्याच्याकडूनच उणे एक करून घेतला. जूनचा गोषवारा ३० ला आला.

ही यादी कामाच्या पानावर आपोआप दिसायला काय हरकत होती? दोन ओळींची जागा लागते.

मेल पाठवायची परवानगी मी आवर्ती कामांना दिलेली नाही, फक्त मसुदा. कुणीतरी मेलमध्येच सूचना लिहून पाठवली आणि रात्री बघायला कुणी नसताना तो ती पाळत बसला, हे नको. वार्षिक प्लॅन स्वस्त पडतो असं रोज सुचवतात. महिन्याचाच भरतोय.