गिब्सन असेंब्लीचं रेडीमेड मिक्स: काम चोख, किंमत अवाच्या सवा

लॅबमध्ये क्लोनिंग (डीएनएचे तुकडे जोडून बॅक्टेरियात वाढवणं) करणाऱ्यांसाठी लिहितोय. गिब्सन असेंब्ली म्हणजे सारखी टोकं असलेले डीएनएचे तुकडे एन्झाइमच्या मिक्सने एकाच ट्यूबमध्ये जोडायची पद्धत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण गिब्सनच्या नावाने जे मिक्स मिळतं त्यात एन्झाइम तेच तीन असतात, फरक पडतो तो भावात आणि डिलिव्हरीत. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन.

आधी चांगलं. रिस्ट्रिक्शन साइट (कात्रीसारखा एन्झाइम डीएनए कापतो ती जागा) शोधत बसायची कटकटच नाही. प्रायमर (पीसीआरने तुकड्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए) बनवतानाच तुकड्यांच्या टोकांना २० ते ४० बेसचा सारखा भाग ठेवायचा, सगळं ट्यूबमध्ये घालायचं आणि ५० डिग्रीला ठेवून द्यायचं, दोन-तीन तुकडे असतील तर १५ मिनिटं, जास्त असतील तर तासभर. टी५ एक्सोन्यूक्लिएज ५ प्राइम टोकाकडून एक पट्टी कुरतडत जातो, उघड्या पडलेल्या पट्ट्या जोडीदार सापडला की चिकटतात, मग फ्युजन पॉलिमरेज खड्डे भरतो आणि टॅक लायगेज शेवटची फट सांधतो. खरी करामत तापमानाची आहे. ५० डिग्रीला टी५ हळूहळू स्वतःच मरतो आणि बाकीचे दोघं उष्णतेला दाद न देणारे, त्यामुळे तोडणारा आधी बाद होतो आणि भरणारे-सांधणारे मागे राहून काम पुरं करतात. टी५ जास्त झाला तर सगळंच खाऊन टाकेल, म्हणून तो चिमूटभरच असतो. किटचे पैसे खरं तर या प्रमाणाचे.

आता तोटे, आणि हे कंपनीचे नाहीत, पद्धतीचेच आहेत. पेशीशी तुलना केली की ते कळतात. आपल्या पेशीत डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या आणि जुळणारा भाग बघून दुरुस्ती व्हायची असली तर सुरुवात अशीच होते, एमआरएन कॉम्प्लेक्स आणि सीटीआयपी ही प्रोटीनं मिळून टोक कुरतडायला घेतात, ईएक्सओ१ ते पुढे नेतो, उघडी पट्टी आरपीए झाकतो. पण पुढे बीआरसीए२ येऊन आरपीएच्या जागी आरएडी५१ बसवतो आणि तो आरएडी५१ सिस्टर क्रोमॅटिडमध्ये (त्याच क्रोमोसोमच्या जुळ्या प्रतीत) जुळणारा भाग शोधून त्यावरून दुरुस्ती करवून घेतो. ट्यूबमध्ये हा शोधणारा गडीच नाही. नुसतं चिकटणं आहे, पेशीत आरएडी५२ वाल्या सिंगल स्ट्रँड अ‍ॅनीलिंगमध्ये होतं तसं. त्या मार्गाची खोड अशी की दोन सारखे भाग एकमेकांना चिकटले की मधला मजकूर गायब! किटमध्येही तेच, सिक्वेन्समध्ये रिपीट असतील तर चुकीची टोकं जुळणार आणि सिक्वेन्सिंगचा रिझल्ट आला की डोक्याला हात. २०० बेसपेक्षा छोटे तुकडेही यात घालू नका, टी५ ते जुळायच्या आधीच संपवतो.

डिलिव्हरीबद्दल न बोललेलंच बरं. आमचं पार्सल आलं तेव्हा जेल पॅकचं पाणी झालेलं, डिस्ट्रिब्यूटरला फोन केला तर म्हणे “सर वापरून बघा, चालतं.” कंट्रोल (तपासणीसाठीची रिअ‍ॅक्शन) चालला, पण चार तुकड्यांच्या असेंब्लीत कॉलन्या (प्लेटवर वाढणारे बॅक्टेरियाचे ठिपके) अगदीच तुरळक.

ब्रोशरमध्ये २०१० च्या सिंथेटिक जीनोमचा उल्लेख ठळक केलाय, १० लाखांहून जास्त बेसचा तो. वाचून वाटतं सगळं अशाच ट्यूबमध्ये शिवलं असणार, पण तो जीनोम जोडला गेला यीस्टच्या पेशीत, यीस्टच्या स्वतःच्या रिकॉम्बिनेशनच्या जोरावर. ब्रोशरवाले हे सांगत नाहीत.

बरं, घरचं मिक्स करता येतं का? येतं की. गिब्सनच्या २००९ च्या पेपरमध्ये पूर्ण रेसिपी आहे: ट्रिस, पीईजी-८०००, मॅग्नेशियम क्लोराइड, डीटीटी, डीएनटीपी, एनएडी आणि तीन एन्झाइम. एनएडी विसरू नका, टॅक लायगेज एटीपीवर चालत नाही. एकदा बनवून अलिक्वॉट (छोटे वाटे) करून उणे २० ला ठेवलं की खर्च किटच्या मानाने फारच कमी येतो. लॅबमध्ये महिन्याला ढीगभर क्लोनिंग होत असेल तर रेडीमेड घेणं म्हणजे गाईडच्या ग्रँटची उधळपट्टी. वर्षाकाठी चार-दोन कन्स्ट्रक्ट (जोडून बनवलेले डीएनए) असतील तर मात्र घ्या बिनधास्त, तीन एन्झाइम वेगवेगळे मागवून पडून राहण्यापेक्षा ते परवडतं.

आणि एकच इन्सर्ट (व्हेक्टरमध्ये, म्हणजे वाहक प्लाझ्मिडमध्ये, घालायचा तुकडा) असेल तर आधी फुकटचा उपाय करून बघा: ओव्हरलॅप असलेले तुकडे मिक्सशिवाय थेट डीएच५अल्फा या ई. कोलायच्या जातीत ट्रान्सफॉर्म करा, म्हणजे पेशीत घाला. तिच्यात रेकए (रिकॉम्बिनेशनचं मुख्य प्रोटीन) नाही तरी हे जमतं, कारण ई. कोलायचा स्वतःचा एक्सोन्यूक्लिएज ३ टोकं कुरतडून देतो आणि पुढची डागडुजी पेशीच करते. कॉलन्या कमी येतात, पण एक बरोबर आली की झालं.

इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घालणं) करणार असाल तर मिक्स आधी पाण्याने पातळ करा. आणि व्हेक्टर पीसीआरने काढला असेल तर डीपीएन१ (जुना मूळ प्लाझ्मिड कापणारा एन्झाइम) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर प्लेट भरून कॉलन्या येतात, सगळ्या जुन्याच प्लाझ्मिडच्या, आणि शिव्या किटला बसतात.