शंभरातले वीस गुण अंगमेहनतीचे : सीबीएसईच्या 'शारीरिक शिक्षण' विषयाचे परीक्षण

सीबीएसईच्या शाळांमध्ये अकरावी आणि बारावीला ०४८ या क्रमांकाने शिकवला जाणारा 'शारीरिक शिक्षण' हा ऐच्छिक विषय बहुतेक घरांत दोनच कारणांनी निवडला जातो. एक तर मूल आधीपासून एखादा खेळ खेळत असते, नाहीतर 'सोपा विषय आहे, टक्के वाढतील' असे कोणीतरी सांगितलेले असते. दोन्ही कारणांनी विषय घेणाऱ्यांची थोडीफार निराशा होते. अभ्यासक्रम नीट वाचल्यावर लक्षात येते की तो खेळाडू घडवण्यासाठी आखलेलाच नाही. स्पर्धा कशी भरवावी, सराव कसा आखावा आणि खेळणाऱ्या शरीराला काय लागते हे कळणारा माणूस तयार करणे, हे त्याचे खरे काम आहे. त्या कामात तो पुष्कळ सरस आहे. मात्र शाळेने वर्गातला धडा मैदानावर नेला तरच.

गेल्या काही वर्षांतली रचना अशी आहे : लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. बारावीला दहा घटक असतात. त्यांत स्पर्धांचे व्यवस्थापन, मुले आणि महिलांचे खेळ, जीवनशैलीच्या आजारांवर योग, दिव्यांग विद्यार्थ्यांचे खेळ, आहार, क्षमता चाचण्या, शरीरक्रिया आणि दुखापती, जैवयांत्रिकी (शरीराच्या हालचालींमागचे भौतिकशास्त्र), मानसशास्त्र आणि प्रशिक्षण असा बराच मोठा पल्ला गाठला जातो. राज्य मंडळाच्या शाळा-महाविद्यालयांत 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या विषयाला केवळ श्रेणी मिळते आणि म्हणून तो तास गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांकडे सहज जातो. येथे गुण असल्यामुळे निदान तास तरी शाबूत राहतो, ही बाब मी विषयाच्या जमेच्या बाजूला धरतो.

पहिलाच घटक मला सर्वांत उपयोगी वाटला. बाद पद्धतीच्या स्पर्धेची भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याचा तक्ता, कसा काढावा, वरच्या आणि खालच्या गटात संघ कसे विभागावेत, कोणत्या संघाला 'बाय' (न खेळता थेट पुढच्या फेरीत प्रवेश) द्यावी, साखळी सामन्यांसाठी चक्रीय किंवा जिना पद्धत कशी वापरावी, हे सारे येथे उदाहरणांसह शिकवले जाते. समजा, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला ११ संघ आले. बाद पद्धतीने १० सामने होतील, आणि ११ नंतरचा दोनाचा घात १६ असल्याने पहिल्या फेरीत (१६ वजा ११) ५ संघांना बाय द्यावी लागेल. तीच स्पर्धा साखळी पद्धतीने घ्यायची ठरवली तर ५५ सामने होतात, म्हणजे एका मैदानावर दिवसाला ५ सामने खेळवले तरी ११ दिवस लागतील. गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा पहाटेपर्यंत का रेंगाळतात, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ते कागदावर मांडता येणे ही लहान गोष्ट नव्हे. शाळेच्या वार्षिक क्रीडा महोत्सवाची भाग्यपत्रिका याच विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर या घटकासाठी वेगळ्या पाठांतराची गरज उरत नाही.

मुले आणि महिलांच्या खेळांवरचा घटकही दाद देण्याजोगा आहे. गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवे, पुढे झुकलेले खांदे, पाठीच्या कण्याचे बाक अशा शरीरस्थितीच्या दोषांची ओळख त्यात होते आणि ते कमी करण्याचे व्यायामही सांगितले जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मासिक पाळी आणि तिच्यातील बिघाड यांविषयी पाठ्यक्रम आडपडदा न ठेवता बोलतो. खेळाडू मुलींमध्ये अपुरा आहार, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे हे तिन्ही एकमेकांत कसे गुंतलेले असते, ते तेथे समजावले आहे. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलीची पाळी थांबली तर 'सराव जोरात चालू आहे, त्यामुळे होते' असे सांगून तो विषय मिटवणारे लोक आजही मैदानांवर भेटतात. प्रत्यक्षात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी अन्नातून भरून आली नाही, की शरीर प्रजननाशी संबंधित संप्रेरके आवरते घेते, इस्ट्रोजेन कमी पडते आणि पुढे साध्या सरावातही हाडाला ताणाचे तडे जाऊ शकतात. हे मुलींइतकेच मुलांनाही शिकवले जाते, कारण उद्याचे प्रशिक्षक आणि वडील त्यांच्यातूनच येणार आहेत. दुर्दैवाने हे प्रकरण 'वाचून घ्या' म्हणून सोडून देण्याचा मोह शिक्षकांना सर्वाधिक होतो.

दिव्यांगांच्या खेळांच्या घटकात पॅरालिम्पिक, बौद्धिक दिव्यांगांचे स्पेशल ऑलिम्पिक आणि कर्णबधिरांचे डेफलिम्पिक यांची माहिती आहे. ती देताना शिक्षकाने १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण मिळवून देणाऱ्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचा उल्लेख केला, तर कोरडे तपशीलही मुलांच्या लक्षात राहतील.

मानसशास्त्र आणि जैवयांत्रिकी हे घटक मात्र उथळ वाटले. मानसशास्त्रज्ञ युंग याने केलेली माणसांची अंतर्मुख-बहिर्मुख विभागणी आणि न्यूटनचे नियम यांची तोंडओळख होते आणि प्रकरण संपते. विज्ञान शाखेच्या मुलाला त्यातून नवे काही मिळत नाही आणि कला शाखेच्या मुलाला पुरेसे उलगडत नाही. दुखापतींच्या भागात मुरगळणे, स्नायू ताणला जाणे, खरचटणे आणि अस्थिभंगाचे प्रकार व्यवस्थित वर्गीकृत आहेत, पण प्रात्यक्षिकाच्या गुणांत पट्टी बांधण्याला किंवा जखमी खेळाडूला मैदानाबाहेर नेण्याला स्वतंत्र स्थान नाही. मला ही या विषयाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

आता त्या ३० गुणांकडे वळू. त्यांत शारीरिक क्षमता चाचणीला ६, निवडलेल्या खेळातील कौशल्याला ७, योगासनांना ७, जर्नलला (प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीला) ५ आणि तोंडी परीक्षेला ५ गुण आहेत. म्हणजे घाम गाळून मिळणारे गुण शंभरातले वीस. क्षमता चाचणी 'खेलो इंडिया'ची आहे : उंची-वजनाचे प्रमाण, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकण्याची लवचीकता, पोटाच्या स्नायूंची ताकद आणि मुलांसाठी जोर, तर मुलींसाठी गुडघे टेकून जोर. चाचण्या साध्या आणि स्वस्त आहेत, परंतु ६०० मीटर धावण्यासाठी जागा हवी, आणि मुंबई-ठाण्यातल्या अनेक शाळांना इमारतीखालचे वाहनतळ हेच मैदान असते. अशा ठिकाणी वेळेचा आकडा जर्नलमध्ये कसा येतो, हे न विचारलेले बरे. शिवाय वर्षाच्या शेवटी एकदाच चाचणी घेतली, तर तिचा उपयोग फक्त गुणांपुरता राहतो. जून, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा नोंदी ठेवल्या, तर प्रशिक्षणाच्या घटकात शिकवलेले अंतरित धावणे (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावणे) किंवा फार्टलेक (वेग बदलत सलग धावणे) खरोखर लागू पडते की नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या शरीरावर पडताळता येते. खेळांच्या निवडीत कबड्डी आणि खो-खो दोन्ही आहेत, ही आपल्याकडच्या मुलांची सोय.

गुणांच्या हिशेबापुरते बोलायचे, तर विषय तोट्याचा नाही. एनआयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी खुल्या प्रवर्गाला लागणारे बारावीचे ७५ टक्के काढताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भाषा यांच्यानंतरचा पाचवा विषय म्हणून हा धरता येतो. मात्र 'वाचायला लागत नाही' हा समज चुकीचा आहे. ७० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत १८ बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रसंगावर आधारित प्रश्नांना १२ गुण असतात आणि पाच गुणांच्या उत्तरांत आकृती किंवा भाग्यपत्रिका मागितली जाते. मैदानावर चमकणारी मुले येथेच मागे पडतात.

ज्यांना पुढे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी), क्रीडा व्यवस्थापन, फिजिओथेरपी किंवा आहारशास्त्राकडे वळायचे आहे, त्यांनी हा विषय जरूर घ्यावा. रोज सकाळ-संध्याकाळ स्पर्धेच्या सरावात असलेल्या मुलांनीही घ्यायला हरकत नाही, मात्र यामुळे खेळ सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये. प्रवेशापूर्वी शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात : शिकवणाऱ्या शिक्षकाची पदवी शारीरिक शिक्षणातली आहे का, आठवड्याच्या तासांपैकी किती तास मैदानावर होतात, आणि मागील वर्षीची दोन-तीन जर्नल पाहायला मिळतील का. जर्नलमधल्या धावेच्या वेळा सगळ्यांच्या सारख्याच निघाल्या, तर दुसरी शाळा पाहावी किंवा दुसरा विषय घ्यावा.