लिक्विड फ्रीझर थ्री ३६० : कुलर उत्तम, पण हवेचा मार्ग आधी ठरवावा

संगणकाच्या प्रोसेसरला पाण्याने थंड ठेवणारा वॉटर कुलर बसवला की कॅबिनेटमधल्या उष्णतेचा प्रश्न सुटतो, असा समज बराच रूढ आहे. प्रत्यक्षात पाणी प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या धातूच्या जाळीदार पट्टीपर्यंत, आणून सोडते आणि ती बाहेर घालवण्याचे काम पंख्यांकडेच राहते. म्हणून आर्क्टिक कंपनीने २०२४ साली बाजारात आणलेल्या लिक्विड फ्रीझर थ्री ३६० या कुलरचे हे परीक्षण मुख्यतः हवेच्या प्रवाहाच्या अंगाने केले आहे. ज्या मशीनवर तो बसवला आहे, त्यात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे. पूर्ण भाराखाली प्रोसेसर सुमारे २३० वॅट आणि कार्ड २८५ वॅट वीज घेते, म्हणजे दोन्ही मिळून पाचशे वॅटची शेगडीच झाली. याच मालिकेची ‘प्रो’ आवृत्ती वेगळ्या पंख्यांसह नंतर आली. तिचा विचार इथे केलेला नाही.

या कुलरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा ३८ मिलिमीटर जाडीचा रेडिएटर. अशा तयार कुलरांमध्ये सर्रास आढळणारा रेडिएटर सुमारे २७ मिलिमीटरचा असतो. इथे २५ मिलिमीटरचे पंखे धरून एकूण जाडी ६३ मिलिमीटर होते, तर लांबी ३९८ मिलिमीटर आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘वर ३६० चा रेडिएटर बसतो’ (म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे मावतील एवढा) असे छापलेले असले, तरी तेवढ्यावर विसंबून राहू नये. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डवरील हीटसिंक (उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे) आणि रॅमच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि मगच पैसे मोजावेत.

रेडिएटर समोर बसवून बाहेरची हवा त्यातून आत घ्यावी, की वर बसवून आतली हवा त्यातून बाहेर काढावी, हा यातला खरा निर्णय आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल लागतात. कॅबिनेटमधून ताशी १७० घनमीटर हवा वाहत असेल, तर पाचशे वॅट उष्णतेने ती जेमतेम नऊ अंशांनी तापते. हाच प्रवाह निम्म्यावर आला, की वाढ अठरा अंशांवर जाते. रेडिएटर समोर बसवल्यास प्रोसेसरला ताजी हवा मिळते, परंतु त्याच्या २३० वॅटमुळे ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी हवा सुमारे चार अंशांनी गरम होते. वर बसवल्यास कार्डाच्या उष्णतेने तापलेली हवा रेडिएटरला मिळते आणि तिथे तोटा फार तर पाच अंशांचा असतो. केवळ हे आकडे पाहिले, तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच वाटतील.

पारडे फिरते ते प्रवाहामुळे. जाड रेडिएटर आणि धुळीची जाळी हे दोन्ही अडथळे समोरच्याच बाजूला एकामागोमाग आले, तर संपूर्ण मशीनची आवक गुदमरते. तोच रेडिएटर वर गेला, की समोरचे तीन पंखे मोकळे राहतात. शिवाय प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण भारावर असण्याचे प्रसंग तसे कमीच येतात: खेळात कार्ड तापते आणि प्रोसेसर बराच निवांत असतो, तर प्रोसेसरवर रेंडरिंग (त्रिमितीय दृश्ये किंवा व्हिडिओ तयार करण्याचे काम) चालू असताना बरोबर उलटे घडते. या कारणांमुळे समोरून तीन पंखे आत, वरून रेडिएटरमार्गे बाहेर आणि मागे मंद गतीचा एक पंखा, हीच मांडणी मला या कुलरसाठी योग्य वाटते. वरचा सर्वांत पुढचा पंखा समोरून आलेली ताजी हवा लगेच ओढून घेतो, अशी तक्रार ऐकू येते. नुसत्या पंख्याच्या बाबतीत ती खरी आहे, पण त्या पंख्यासमोर रेडिएटर असेल, तर तीच ताजी हवा कामी येते. वर बसवण्याचा आणखी एक लाभ असा, की प्रोसेसरवर बसणारा पंप पाण्याच्या मार्गातील सर्वांत उंच बिंदू ठरत नाही आणि आतला हवेचा बुडबुडा त्यात न अडकता रेडिएटरच्या वरच्या भागात राहतो.

पंपाच्या डोक्यावर बसवलेला ६० मिलिमीटरचा छोटा पंखा अनेकांना शोभेचा वाटेल, पण तो तसा नाही. टॉवर पद्धतीच्या एअर कुलरची हवा जाता जाता मदरबोर्डच्या वीजपुरवठ्याच्या भागावरूनही फिरते. वॉटर कुलरमध्ये नेमका तोच कोपरा कोंदट राहतो. हा पंखा ती उणीव बऱ्यापैकी भरून काढतो.

रेडिएटरवरचे तीन पी१२ पंखे मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांच्या टप्प्यात फिरतात आणि हवेचा दाब निर्माण करण्यासाठी घडवलेले असल्याने जाड रेडिएटरला शोभतात. त्यांच्या वायरी नळ्यांच्या आवरणातूनच नेल्या आहेत. सोबत दोन प्रकारच्या वायरी मिळतात. त्यांपैकी पंप, छोटा पंखा आणि रेडिएटरचे पंखे स्वतंत्रपणे चालवता येतील अशीच वापरावी. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर यात नाही, ही मात्र ठळक उणीव आहे. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते, पाणी मात्र सावकाश तापते. त्यामुळे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्यांचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवला नाही, तर साधे वेबपान उघडतानाही पंखे उगाच घोंघावतात. ७९५०एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंश दाखवतो म्हणून कुलरला दोष देऊ नये, कारण तो त्या मर्यादेपर्यंत चालेल असाच बनवलेला आहे. तुलना करायची, तर त्या तापमानाला प्रोसेसरचा जो वेग टिकतो त्याची करावी.

उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३५ अंश असेल, तर कोणत्याही मांडणीत त्याखाली जाता येणार नाही. फटींतून धूळ आत येऊ नये म्हणून हवेची आवक जावकेपेक्षा किंचित जास्त ठेवावी. कॅबिनेटच्या मागच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरली आणि ती बाहेरच्या दिशेने हलली, की गणित जमले असे समजावे. आत ओढली गेली, तर मागच्या पंख्याची गती कमी करावी.

रायझन ७ ७८००एक्स३डी सारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर केवळ खेळांसाठी घेतला असेल, तर चांगला एअर कुलर पुरतो आणि हा खर्च टाळता येतो. दोनशे वॅटच्या पुढचा प्रोसेसर रोज तासन्‌तास राबवणाऱ्याने, कॅबिनेटमध्ये ६३ मिलिमीटर जागा असल्यास, हा कुलर निःशंकपणे घ्यावा. कंपनी त्यावर सहा वर्षांची वॉरंटी देते.