उलुरूच्या पुढे जायचंय? मग परवाना कुठला ते आधी ठरवा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जला गाडी भाड्याने घ्यायची, उलुरूचा प्रचंड खडक बघायचा आणि परतायचं, एवढाच बेत असेल तर परवान्याची भानगड नाही. स्टुअर्ट आणि लॅसेटर हे दोन्ही हायवे सार्वजनिक आहेत. फाटकावर उद्यानाचा तीन दिवसांचा पास दाखवला की झालं. जमीन अनंगू लोकांची, म्हणजे इथल्या मूळनिवासींची. १९८५ मध्ये ती त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानाला दिली, म्हणून पासवर भागतं.

त्यापलीकडचं गणित वेगळं. आपल्याकडचे लोक अरुणाचलच्या इनर लाइन परमिटशी तुलना करतात, पण तो कागद सरकार देतं. उलुरू ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्यामुळे जवळपास निम्मी जमीन ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी लोकांच्या मालकीची झाली. तिथला परवाना लँड कौन्सिल ही संस्था मालकांच्या वतीने देते. थोडक्यात, कोणाच्या तरी अंगणातून जायला विचारण्याचा प्रकार आहे.

सगळ्यात सोपा मरीनी लूप: किंग्ज कॅन्यनहून हर्मन्सबर्गकडे जाणारा कच्चा रस्ता. परवाना थोडक्या डॉलरांत काउंटरवर हातोहात मिळतो. वाटेत मुक्काम मात्र करता येत नाही. खरी अडचण परवान्याची नाहीच, भाड्याच्या गाडीची आहे: साध्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा चालत नाही. करारातली बारीक अक्षरं वाचा.

पर्थला नातेवाईक आहेत म्हणून उलुरूहून ग्रेट सेंट्रल रोडने वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं लॅव्हर्टन गाव गाठायचं म्हणत असाल, तर अकराशेच्या आसपास किलोमीटर आणि परवाने दोन. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. डॉकर रिव्हर या वस्तीपुढे राज्याची हद्द बदलते. अलीकडचा परवाना सेंट्रल लँड कौन्सिलचा, पलीकडचा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा. तिथे कायदाही निराळा, १९७२ चा. एकावर दुसरं भागत नाही. अर्ज ऑनलाइन होतात, पण निघायच्या आदल्या रात्री भरायला बसू नका. दोन्ही कागद छापून घ्या, कारण वाटेत मोबाइलला रेंज नसते. दारूची बाटली तर चुकूनही बरोबर नको; मोठ्या पट्ट्यात बंदी आहे.

तिसरा पर्याय उत्तरेला, काकडू राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आर्नहेम लँडमधलं गुन्बलान्या हे गाव. परवाना नॉर्दर्न लँड कौन्सिलचा. जायचं केहिल्स क्रॉसिंगवरून, म्हणजे ईस्ट ॲलिगेटर नदीतल्या काँक्रीटच्या फरशीवरून. भरतीला पाणी फरशीवर चढतं आणि मासे पकडायला मगरी तिथेच टपून असतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक कोकणातल्या माणसाला शिकवायला नको, पण मगरींचं आहे! पलीकडे गावातल्या इंजलाक आर्ट्स या कला केंद्रात चित्रकार कामाला बसलेले दिसतात.

हातात आठवडा आणि बरोबर मुलं असतील तर मी मरीनीच घेईन, तेही फोर व्हील ड्राइव्हने. गुन्बलान्याला टूरबरोबर जाईन. परवान्याचं सहसा टूरवालेच बघतात. ग्रेट सेंट्रलसाठी मात्र दोन स्टेपनी आणि गाडीतलं कळणारा एक तरी माणूस लागतो.