ठासणीची बंदूक: पाण्याने धुवावी की रॉकेलने पुसावी?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शेतरक्षणाच्या परवान्याची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असलेल्या घरांत साफसफाईच्या दोन रीती दिसतात. कोणी रॉकेलची चिंधी फिरवून वर तेल लावतो, कोणी नळी साबणाच्या पाण्याने धुतो. पाणी लागले की लोखंड गंजणार, ही भीती आपल्या ओल्या मुलखात साहजिक आहे. तरीही मी पाण्याच्या बाजूचा आहे.

कारण दारूत आहे. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. त्यातला काही धुरासोबत जातो, उरलेला नळीत चिकटतो. या मळीत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये विरघळत नाहीत. रॉकेलने काजळी निघते, नळी चकाकते, पण मीठ तेलाखाली तसेच राहते. आमच्या घरची बंदूक एकदा मृगाच्या सुमारास अशीच पुसून ठेवली होती. खंडेनवमीच्या पूजेला काढली तेव्हा चिंधी तांबडी आली आणि बुडाशी खड्डे पडलेले. ते खड्डे आजही आहेत.

धुण्याआधी बार भरलेला नाही ना, हे पाहाच. गज, म्हणजे बार ठासायची सळई, बुडापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग नळीच्या बाहेरून लावून बघा. तो निपलपर्यंत, म्हणजे बार पेटवणारी टोपी बसते त्या छोट्या नळकांडीपर्यंत, पोचला पाहिजे. कमी पडला तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

पाणी कोमट घ्या. उकळते घातले तर नळी सुकता सुकता पातळ गंज धरते. निपल काढून वेगळे धुवा. चिंध्या स्वच्छ येईपर्यंत धुणे, मग कोरड्या चिंध्या, मग लगेच तेल, यात तासभर जातो. रॉकेलचे काम दहा मिनिटांचे, म्हणून लोक तिकडे वळतात. नळीला आतून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, असतील तर तो मोह अजिबात नको. मळी आट्यांतच दडते, तिथे ब्रशच हवा.

रॉकेल टाकाऊ मात्र नाही. घोड्याच्या कळीतले जुने, घट्ट झालेले तेल सोडवायला आणि अडकलेले निपल सैल करायला तेच बरे. लाकडी दस्त्याला पाणी आणि रॉकेल दोन्ही लावू नका, अळशीचे तेल चोळा.

तेलाचेही तसेच. बार काढण्याच्या दिवसांत खोबरेल चांगले, त्याने मळी मऊ राहते. खनिज तेलाने ती डांबरासारखी होते. पण पावसाळाभर ठेवायला खोबरेल नको. ते खवट होऊन चिकटते. तिथे बंदुकीचे किंवा मशीनचे तेल लावा, आणि दारू भरण्याआधी ते पुसून काढा.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली, तर आदल्या दिवशी धुऊन तेल लावूनच द्या. घरी आणल्यावर पांढरी चिंधी फिरवा. तांबूस निघाली, तर त्याच दिवशी पुन्हा पाणी तापवा.