तीन तासांची बॅटरी ठाण्याच्या आतच संपली

लॅमिंग्टन रोडवर जुना गेमिंग हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं मशीन) घ्यायला निघाला असाल, तर पाच मिनिटं द्या. माझे ३८,००० रुपये त्यात गुंतले.

मी बदलापूरला राहतो, नोकरी फोर्टात. लोकल बदलापूरहूनच सुटणारी असली की खिडकी मिळते आणि पुढे दीड तास मोकळा. रील्सचा वीट आला होता, म्हणून एसुस कंपनीचा हँडहेल्ड, आरओजी अ‍ॅलाय घ्यायचं डोक्यात बसलं. २०२३ साली भारतात आला तेव्हा नवा ६९,९९० ला होता. सेकंडहँड ३८ ला म्हणजे मला घबाडच वाटलं.

दुकानदार बोलायला गोड. त्याने काउंटरवर कार रेसिंगचा एक जड गेम लावून दिला. सुसाट चालला, कुठे अडकणं नाही. मग मी बॅटरीचं विचारलं. त्याने गेम बंद केला, एक साधा टूडी गेम लावला, बोलता बोलता ब्राइटनेस खाली आणला आणि बॅटरीच्या चिन्हावर बोट ठेवलं. दोन तास पन्नास मिनिटं शिल्लक. "बघा दादा, मी नाही म्हणत, मशीनच सांगतंय. तीन तास आरामात."

तो खोटं एक अक्षर बोलला नाही, हीच खरी मेख. पहिला गेम चालू होता तेव्हा मशीनच्या डोक्यातून निघालेली चार्जरची वायर काउंटरच्या मागे गेलेली होती. ती मला दिसलीही होती, पण "चार्ज होतोय, बरंय" एवढंच मनात आलं. चार्जर लावल्यावर टर्बोमध्ये, म्हणजे सगळ्यात ताकदीच्या मोडमध्ये, याची चिप ३० वॅट घेते. बॅटरीवर टर्बो २५, परफॉर्मन्स मोड १५ आणि सायलेंट १० वॅट. दुसरा गेम सायलेंटवर होता. म्हणजे वेग पाहिला ३० वॅटचा आणि तास मोजले १० वॅटचे. हे दोन्ही एकत्र मिळणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं.

सोमवारी फुल चार्ज करून गाडीत बसलो, टर्बो लावला, तोच रेसिंगचा गेम. ठाणं यायच्या आत स्क्रीन काळा. शेजारचे काका म्हणाले, "बंद पडलं का हो?" पुढे सीएसएमटीपर्यंत ते सहाशे ग्रॅमचं धूड मांडीवर घेऊन बसलो.

रात्री विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची कमांड चालवली. डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना मावणारी वीज, ४० वॅट-अवर; फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आता मावणारी, २६. तिसरा हिस्सा बॅटरी आधीच्या मालकानेच खाल्ली होती. आता हिशोब बघा. टर्बोत चिपचे २५, वर स्क्रीन, पंखा, वायफाय धरून ३५ च्या आसपास वॅट जातात. २६ भागिले ३५, पाऊण तास. कोरी बॅटरी असती तरी टर्बोत सव्वा तासाच्या आतच संपली असती, म्हणजे तीन तास जड गेम हे मुळातच अशक्य. आणि १५ वरून २५ वॅटला गेलात तर चिपला वीज दीडपटीहून जास्त लागते, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र त्या मानाने वाढत नाहीत. २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये कंपनीने बॅटरी थेट ८० वॅट-अवरची केली ती उगाच नाही.

तेव्हा दुकानात पहिलं काम, चार्जर काढायला लावा. तुम्हाला खेळायचाय तोच गेम, तुमच्या ब्राइटनेसवर, दहा मिनिटं खेळा आणि टक्के किती उतरले ते बघा. मग रिपोर्ट काढायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टाळाटाळ केली तर सरळ बाहेर पडा.

मी परत गेलो तेव्हा "बॅटरी वॉरंटीत येत नाही" झालं. माझ्याकडे कच्चं बिल, त्यावर फक्त "सात दिवस चेकिंग". जीएसटी बिल हवं असेल तर वर १८ टक्के लागतील म्हणाला होता, आणि मी हावरटासारखा ते वाचवायला गेलो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो म्हटल्यावर जरा नरमला. पैसे परत नाहीत, नवी बॅटरी नाही, हातावर ४,००० टेकवले. भांडायला दुसरी सुट्टी टाकावी लागली असती. मी घेतले.

आता १० वॅटवर, ३० फ्रेमला बांधून जुने गेम खेळतो. जाताना दादरपर्यंत पुरतं. येताना रील्स.