जुना पेंढा उतरवू देऊ नका

आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात माझ्या नवऱ्याच्या आजोळचं घर आहे. मातीच्या भिंती, गव्हाच्या पेंढ्याने शाकारलेलं छप्पर. ते आमच्या नावावर झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी ते एका भामट्याच्या हाती दिलं. असं घर कुणी घेतलं असेल, तर हे वाचा.

तो आपणहून दारात आला. शिडी लावली, पाख्यातून मूठभर पेंढा उपसला आणि माझ्या हातात ठेवला. ओला, काळा, शेवाळलेला. "आत सगळं असंच कुजलंय, वाशांपर्यंत उतरवावं लागेल." मला लगेच पटलं. माझं लहानपण राजापूरकडचं. आमच्याकडे मिरगाआधी गोठा शाकारताना जुनं गवत काढून नवं घालायचे. जुनं म्हणजे कुजकंच, असं मी धरून चालले.

इथली रीत निराळी आहे. इथे झिजलेला वरचा थर तेवढा काढून त्यावर नवा चढवतात, खालचा तसाच राहतो. वाशांवर 'स्क्रॉ' म्हणजे गवतासकट सोललेले मातीचे पट्टे, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे पेंढ्याचे थर. पाऊस वरच्या काही इंचांतच मुरतो आणि वळचणीला निथळतो. माझ्या हातात आला तो तेवढाच थर. कोपरापर्यंत हात आत घालून बघायला हवा होता.

मी कामावरून परतले तेव्हा सगळं छप्पर मागच्या शेतात जळत होतं. शेजारच्या आजोबांनी एक पेंढी बाजूला ठेवली होती. तळातली, चुलीच्या धुराने काळी पडलेली आणि हाताला खडखडीत कोरडी. ती पाहून मी तिथेच बसले. पैसे पुन्हा मिळवता येतात, तो थर कुणी परत घालू शकत नाही.

सौदा २४,००० युरोंचा होता. छपरासाठी तुर्कस्तानातून बोरू, म्हणजे पाणथळीतलं लांब ताटाचं गवत, मागवायचाय म्हणून १४,००० आगाऊ घेतले. बोरू तिथून खरंच येतो, म्हणून शंका आली नाही. पावतीवर आडनाव नाही, पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर. मोबाइलमधले फोटो दाखवले, पण त्यातलं एकही घर मी जाऊन पाहिलं नाही. फुटभर जाडीचा थर हवा तिथे जेमतेम निम्मा घातला. हेझेल किंवा विलोच्या, दोन्ही टोकं तासलेल्या काड्या वाकवून पेंढा खोचतात, त्यांना 'स्कॉलप' म्हणतात. त्याऐवजी त्याने कुठे कुठे तार ओढली. चिमणीच्या बुडाशी आणि भिंतींना सिमेंट फासलं. मातीच्या भिंतीला चुनाच हवा, सिमेंटखाली ओल कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. हिवाळ्यात चिमणीजवळ गळायला लागलं, तोवर त्याचा फोन बंद.

मग काउंटी कौन्सिलचं, म्हणजे परगण्याच्या स्थानिक प्रशासनाचं, पत्र आलं. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत होतं. नियोजन कायद्याप्रमाणे घराचं मूळ रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जाब मालकाला विचारतात. "दुरुस्तीला परवानगी लागत नाही," असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. खरं तर कोणत्या कामाला परवानगी लागते आणि कोणत्या नाही, हे कौन्सिलकडून लेखी मागता येतं. कौन्सिलच्या जतन अधिकाऱ्यांना मी आधी एक फोन केला असता, तर शिडी लागलीच नसती. तुम्ही तो फोन आधी करा. पेंढा पाहायला आलेल्याला खोलवरचा पेंढा काढून दाखवायला सांगा, आणि त्याने दहा वर्षांपूर्वी शाकारलेलं एखादं घर स्वतः जाऊन बघा.

सिमेंट आम्ही छिन्नीने हळूहळू उतरवतोय. नव्या शाकारणाऱ्याने लांब ताटाचा गहू सांगितलाय, तोही बाइंडरने, म्हणजे कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने, कापलेला, कारण कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या कंबाइनमधून पेंढा चेचून निघतो. जवळच्या एका शेतकऱ्याने आमच्यासाठी तो ऑक्टोबरात पेरला. तोवर घरावर ताडपत्री आहे, आणि आजोबांची पेंढी आत, चुलीच्या वर टांगलेली.